अमेरिकेतलं राजकीय ध्रुवीकरण बाकीच्या पाश्चात्त्य देशांपेक्षा खरंच वेगळं आहे का?

केतकी_ओहायो:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आम्ही कोलंबसच्या सबर्बमध्ये राहतो, गल्लीत दोन कुटुंबं आहेत, मुलं एकाच सॉकर टीममध्ये, आणि २०२० च्या इलेक्शनपासून त्यांचं आपसात बोलणंच बंद आहे, कारण काय तर अंगणात लावलेल्या उमेदवारांच्या पाट्या. मला हे फार लागतं, कारण दोन्ही घरं मनाने चांगली आहेत, आम्ही नवीन आलो तेव्हा दोघांनीही खूप केलं आमच्यासाठी. माझा भाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो आता सगळीकडेच हे चाललंय, अमेरिकेचं काही विशेष नाही. मला नाही पटत. १९६० मध्ये इथे एका सर्व्हेत विचारलं होतं की मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का, तर शंभरात जेमतेम चार-पाच जण हो म्हणाले होते. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तर रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅट्सपैकी एक तृतीयांश हो म्हणाले. पन्नास वर्षांत असं काय झालं? आणि तुमच्याकडेही असंच आहे का, तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

प्राजक्त_एनसी:
केतकी ताई, वेगळं आहे, आणि त्यावर अभ्यासही झालाय. बॉक्सेल, गेंट्झको आणि शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी १२ देशांचे चाळीसेक वर्षांचे सर्व्हे एकत्र करून बघितले. आपल्या पक्षाबद्दल किती आपुलकी आणि समोरच्याबद्दल किती, यातलं अंतर मोजायचं, शंभरपैकी गुण देऊन. अमेरिकेत १९७८ मध्ये हे अंतर साधारण २७ होतं, २०१६ पर्यंत ते ४६ च्या आसपास गेलं. बाराही देशांत सगळ्यात जास्त वाढ अमेरिकेत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, नॉर्वे, स्वीडन इथे तर ते याच काळात कमी झालं.

माझ्या मते मूळ १९६४ मध्ये आहे. तेव्हा दोन्ही पक्ष सरमिसळ होते, दक्षिणेतले डेमोक्रॅट्स कट्टर परंपरावादी आणि ईशान्येत चक्क उदारमतवादी रिपब्लिकन. सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टला (वंशभेदाला बंदी घालणारा त्या वर्षीचा कायदा) अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, टक्केवारीने बघितलं तर डेमोक्रॅट्सपेक्षा रिपब्लिकनांनी जास्त पाठिंबा दिला होता, आज कोणाला खरं वाटेल का? त्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन झाले आणि पुढे वंश, धर्म, शिक्षण, शहर की खेडं, सगळ्या भेगा एकाच रेषेवर आल्या. मग समोरचा माणूस फक्त टॅक्सबद्दल वेगळं मत असलेला राहत नाही, तो सगळ्याच बाबतीत परका वाटतो. सुप्रीम कोर्टाचंच बघा, न्यायाधीशांच्या नेमणुकीवर सिनेटमध्ये मतदान होतं: १९८६ मध्ये स्कालिया ९८-० ने मंजूर झाले, १९९३ मध्ये गिन्सबर्ग ९६-३ ने, आणि २०२० मध्ये बॅरेट ५२-४८ ने, एकाही डेमोक्रॅटचं मत नाही.

स्टुटगार्टची_मुग्धा:
मी तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं मान्य करेन. एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला २०२५ च्या राष्ट्रीय निवडणुकीत २०.८ टक्के मतं पडली, दुसऱ्या नंबरचा पक्ष, आणि आमच्या ऑफिसातही तो विषय निघाला की हवा बदलते. पण इथे कोणालाच एकट्याने सरकार बनवता येत नाही, त्यामुळे आज ज्याला शिव्या द्यायच्या त्याच्याबरोबर उद्या बसावं लागतं. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१६ मध्ये ग्रीन आणि सीडीयू एकत्र सत्तेत आले, म्हणजे कार कारखान्यांच्या राज्यात पर्यावरणवाले आणि परंपरावादी एका टेबलाशी. आणि घटना कोर्टाच्या न्यायाधीशांना निवडायला दोन तृतीयांश मतं लागतात, मुदत १२ वर्षं, अमेरिकेसारखी तहहयात नाही, त्यामुळे एका जागेसाठी जिवावर उठण्याची वेळ कमी येते. पूर्वेकडे मात्र चित्र वेगळं आहे, तिथल्या थुरिंगिया राज्यात २०२४ मध्ये एएफडी पहिल्या नंबरवर आला, तिथल्या लोकांशी बोलताना जी कटुता जाणवते ती मला स्टुटगार्टमध्ये नाही जाणवत.

मेलबर्नकर:
ऑस्ट्रेलियाचं एवढंच सांगतो. इथे मतदान सक्तीचं आहे, फेडरल पातळीवर १९२४ पासून, न केल्यास छोटा दंड. त्यामुळे पक्षांना आपल्याच लोकांना चिडवून बूथवर आणायची फारशी गरज पडत नाही, ते येणारच असतात, खरा जोर मधल्या माणसावर लावावा लागतो. वर पसंतीक्रमाने मतदान (उमेदवारांना १, २, ३ असा क्रम द्यायचा), म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या मतदाराची दुसरी पसंतीही हवी असते. मतदारसंघही राजकारणी आखत नाहीत. अमेरिकेत टेक्सासने २०२५ मध्ये, जनगणनेची वाट न बघता, मतदारसंघांचे नकाशे बदलले आणि मग कॅलिफोर्नियाने उत्तर म्हणून स्वतःचे बदलले, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण कॅलिफोर्नियाने ते काम मोठ्या कष्टाने स्वतंत्र कमिशनकडे दिलं होतं.

अनिरुद्ध_लंडन:
सगळं सिस्टीमवर ढकलू नका प्लीज. प्राजक्त म्हणतोय त्याच अभ्यासात स्वित्झर्लंडमध्येही हे अंतर वाढलेलं दिसतं, आणि तिथे तर मोठे पक्ष कायम एकत्रच सरकारात असतात! उलट ब्रिटनमध्ये अमेरिकेसारखीच जास्त मतं तो विजयी पद्धत, तरी पक्षांबद्दलचा राग त्या काळात कमी झाला. दुसरं म्हणजे वाढ वेगळी आणि पातळी वेगळी. स्पेन, ग्रीस इथे विरोधी पक्षाबद्दलचा तिटकारा अमेरिकेपेक्षा कमी नाही, फक्त तो जुना आहे. आणि २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर (युरोपियन युनियन सोडायचं की नाही) आमच्याकडे लोक लेबर-कॉन्झर्व्हेटिव्हपेक्षा लीव्हर (सोडा म्हणणारा) की रिमेनर (राहा म्हणणारा) यावरून एकमेकांना ओळखायला लागले, ते पक्षांच्या सर्व्हेत नीट येतच नाही. माझ्या सासरच्या घरात दोन ख्रिसमस त्याच्यावरून गेले.

प्राजक्त_एनसी:
स्वित्झर्लंडचा मुद्दा बरोबर आहे, मी पण सगळं सिस्टीमवर टाकत नाही. पण ब्रेक्झिटचंच उदाहरण घे ना, ती भेग लेबर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह दोन्ही पक्षांच्या आतून गेली, त्यामुळे एका मुद्द्यावर शत्रू असलेला माणूस दुसऱ्या मुद्द्यावर आपला निघायचा. इथे तशी आडवी भेग उरलीच नाही, मला भीती त्याचीच वाटते.

केतकी_ओहायो:
सगळ्यांचे मनापासून आभार, बरंच कळलं. पण मग इथे कुठे काही बदलतंय का की नाहीच?

प्राजक्त_एनसी:
अलास्का बघा. २०२० मध्ये लोकांनी मत देऊन पक्षांच्या वेगवेगळ्या प्रायमरी (उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुका) बंद केल्या, सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत, पहिले चार पुढे आणि मग मेलबर्नकर म्हणतात तसा पसंतीक्रम. तिथल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्कीने २०२१ मध्ये ट्रम्पविरुद्ध महाभियोगात मत दिलं होतं, नेहमीच्या रिपब्लिकन प्रायमरीत तिचं काय झालं असतं सांगायला नको, पण २०२२ मध्ये ती निवडून आली, आणि त्याच राज्यातून हाऊसवर (संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर) मेरी पेल्टोला ही डेमोक्रॅट. २०२४ मध्ये ही पद्धत रद्द करायला पुन्हा मतदान झालं आणि ती काहीशे मतांनी टिकली. ओहायोत तसं काही चाललंय का हे तुमच्या काउंटीच्या सभेत जाऊन विचारा, तिथे ती दोन्ही घरं पण येऊ शकतात.