आठवड्यातून एक तास वर्गाबाहेर: प्राथमिकच्या मुलांसाठी गरज की हौस?

अंगणवेल: मी तिसरीला शिकवते. वर्षाकाठी एक सहल काढली की मुलांना निसर्ग दाखवला, हे मला मुळीच पटत नाही. दर आठवड्याला त्याच एका झाडाखाली न्यावं, तेव्हा कुठे मुलं बघायला शिकतात. परवा मुंग्यांची रांग बघत होतो. एका मुलीने रांगेवर ओलं बोट आडवं फिरवलं. मुंग्या तिथवर येऊन थबकल्या, मिशा हलवत चाचपडू लागल्या. "बाई, मी वाट कुठे अडवली? मग थांबल्या का?" मुंग्या वासाच्या मागावर चालतात, हे मी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कोणी ऐकलंही नसतं.

कोरा फळा: मीही शिक्षक आहे. माझ्या वर्गात ४५ मुलं, मी एकटा. सगळी मुंग्यांत रमलेली असताना दोघं कुंपणाबाहेर गेली तर? इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बे या समुद्राच्या उपसागरात कयाकिंगला (छोट्या होड्या वल्हवायला) नेलेले चार विद्यार्थी दगावले. साहसी उपक्रम केंद्रांसाठी कायदा झाला तो त्यानंतर, १९९५ साली. आधी माणसं द्या, मग झाडाखाली बोलवा.

अंगणवेल: तो समुद्र होता हो. मी शाळेच्या आवारातलं झाड म्हणतेय.

पायवाट: पालक म्हणून लिहितो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं. बाकीच्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के. मला तर एवढं कारण पुरेसं आहे.

कोरा फळा: यावरून उजेड हवा एवढंच ठरतं. मग खेळाची सुट्टी वाढवा, माझी ना नाही. गुणाकाराचा तास कशाला बाहेर न्यायचा?

अंगणवेल: गुणाकार नका नेऊ, मोजमाप न्या. खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजा, दर तासाला काठीची सावली आखा. पुस्तकातला मीटर मुलांना हातात कळतो.

दुपारसावली: माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. गेल्या सहलीत सगळे टेकडीवर गेले आणि तो मदतनीसाबरोबर बसमध्ये बसून राहिला. घरी आल्यावर चकार शब्द बोलला नाही. म्हणून आवारातलं झाड मला पटतं, पण तिथवर चाक जाईल अशी वाट आधी करा. त्याला नेता येणार नसेल तर तो तास कोणाचाच नको.

अंगणवेल: आमच्या झाडाभोवती खडी आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलते.

कोरा फळा: वाटेचं बोलाल तेव्हा दुसऱ्या मोठ्या माणसाचंही बोला. तो मिळेपर्यंत माझा वर्ग आतच भरेल.