मदत हवी आहे: रविवारी घरच्यासाठी केलेल्या यंत्रावर कंपनी हक्क सांगू शकते का?

नमस्कार मंडळी,

मी कुपवाड एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. मामांचं तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे. रॅकवरून माल झाडला की देठ-काड्या सोबत येतात, आणि काड्या काढायला गेलं की मऊ मण्याची साल फाटते. फाटलेला मणी चिकटतो, भाव पडतो. त्यासाठी मी रबरी पट्ट्यांचा फिरता ड्रम केलाय. मालाच्या ओलीप्रमाणे पट्ट्यांमधली फट कमी-जास्त करता येते. काम रविवारी, शेडवरच. ड्रॉइंग घरच्या लॅपटॉपवर फ्रीकॅडमध्ये, शाफ्ट मिरजेतल्या लेथवाल्याकडून, पावतीसकट.

आता एचआरने नवा कागद पुढे केलाय: 'नोकरीच्या काळातील सर्व संशोधन कंपनीच्या मालकीचे'. सगळ्यांनाच दिलाय म्हणतात, पण "सही झाली का?" हे फक्त मलाच विचारतात. नेमणूकपत्रात 'कामाच्या ओघात केलेले' एवढंच होतं. मामा म्हणतात, "सही करू नकोस आणि नोकरीही सोडू नकोस." बोलायला काय जातंय!

ब्रिटनमध्ये १९७७ च्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधासाठी कलम ३९ आहे. आपल्या १९७० च्या कायद्यात तसं वेगळं कलम सापडलं नाही. म्हणजे सगळं करारावरच का? आणि सहीआधी केलेलं यंत्रही या कागदात ओढलं जाईल का?

प्रतिसाद:
हो, मुख्यतः करारावरच. आपल्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे पेटंटचा अर्ज खऱ्या आणि पहिल्या संशोधकाने करायचा, किंवा त्याने ज्याला हक्क दिला त्याने. कंपनीने तुमच्याकडून हक्क घेऊन अर्ज केला तर कलम ७ खाली त्याचा पुरावा द्यावा लागतो. सहीची घाई त्यासाठीच असणार.

'सर्व संशोधन' हे शब्द फार सैल आहेत. 'कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित' असं घालून मागा आणि आधीच्या कामाची यादी जोडा, त्यात ड्रम लिहा. मागणी ईमेलवर करा, तोंडी नको. तुम्ही डिझाइनला आहात, त्यामुळे 'कामाच्या ओघात' याचा अर्थ ते ताणून बघतील. पावत्या आणि फाइलींच्या तारखा जपा. सहीपूर्वी कागद वकिलाला दाखवाच.

पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज स्वतःच्या नावे आधी टाका. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १६०० रुपये, पुढे १२ महिन्यांत संपूर्ण तपशील द्यायचा. पण अर्जाआधी यंत्र चारचौघांत चाललं असेल तर नावीन्यावरच बोट ठेवतात. मामांच्या शेडवर ते बाहेरच्या कोणी पाहिलंय का? ते आधी सांगा.