पाइनवरचे स्टेनचे चट्टे घासून जात नाहीत, आधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या

३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने घासलं की पाइनच्या लाकडावर स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, एकसारखा बसतो, असं एकाने लिहिलंय. अर्धंच खरं आहे. बारीक घासल्याने रंग एकूणच फिका चढतो, चट्टे मात्र राहतात. कारण लाकडातच मऊ-कठीण पट्टे आणि राळेच्या जागा असतात, आणि मऊ भाग जास्त रंग पितो. कुपवाड एमआयडीसीकडून येणाऱ्या पॅकिंगच्या फळ्यांत तर एकाच फळीत दोन तऱ्हा दिसतात. १८० नंबरच्या पेपरवर थांबा आणि पातळ चपडा मारा: एक लिटर स्पिरिटला ६० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून. तळाशी मेणाचा गढूळ थर बसतो, तो न हलवता वरचं निवळ तेवढंच घ्या. फळीच्या तोंडाला, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाला, दोन हात, कारण तिथे रंग सगळ्यात काळा पडतो. दोनेक तासांनी ३२० चा अगदी हलका हात फिरवा.

आता महत्त्वाचं: या चपड्यावर स्पिरिटमध्ये कालवलेला रंग अजिबात लावू नका. स्पिरिट खालचा चपडा विरघळवतं आणि फडकं फिरेल तिथे ओरखड्यासारखे पट्टे उमटतात. टर्पेंटाइनवर चालणारा तेलाचा स्टेनच घ्या, दोन-तीन मिनिटांत पुसून काढा. साताऱ्याकडे पावसाळी दमट हवेत चपडा पांढुरका पडतो, तेव्हा उघडीप बघूनच हात द्या. आणि आधी त्याच फळीच्या तुकड्यावर करून बघा, दुसऱ्या फळीवरचा अंदाज इथे चालत नाही.