मदत हवी आहे: बर्फ टाकताच जिन दुधाळ झाली, भेसळ तर नाही?

मंडळी, तळोद्याकडे शेतात भरीत पार्टी होती. भाच्याने पुण्याहून एका छोट्या डिस्टिलरीची जिन आणलेली. लेबलवर जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारा दाणा), धने, लिंबाची साल, गवती चहा, आणि 42.8 टक्के. बाटलीत काचेसारखी स्वच्छ. बर्फ आणि गार पाणी घातलं, तर तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी! आबा म्हणाले, "हाई काय व्हयनं?" आणि आपला ग्लास सरळ वांग्याच्या वाफ्यात ओतला.

बाकीच्यांनी प्यायली, अजून धडधाकट आहोत. पण खराब होती का? आणि लेबलवर नसताना मला रोशा गवताचा (आपल्याकडचं सुगंधी तेलाचं गवत) वास आला, तो कुठून?

पराटीचा धूर
घाबरू नका भाऊ. जुनिपर, धने, साली यांची सुगंधी तेलं कडक अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात. पाणी घातलं की अल्कोहोल उतरतं, त्यात गारवा, मग तेलाचे बारीक थेंब सुटतात आणि पांढरं दिसतं. ग्रीसच्या बडीशेपेसारख्या वासाच्या ऊझोचंही तेच. तेल जास्त असलं की हे होतं. बरेच जण थंड करून गाळून ते काढतात, त्यात थोडा वासही जातो.
मात्र सील तुटलेलं असेल तर तोंडालाही लावू नका. भेसळीतलं विषारी मिथेनॉल डोळ्यांना दिसत नाही, ते असलेली दारूही स्वच्छच दिसते.

मोतिया
नाक पक्कं खानदेशी आहे तुमचं! रोशाच्या तेलात मुख्य घटक जेरॅनिऑल, तोच गुलाबात असतो, आणि थोडा धन्यात व गवती चहातही. तळोद्यात इंग्रजांच्या काळी रोशाच्या तेलाचा मोठा व्यापार होता. हे गवत घालून कुणी जिन काढली तर मी पहिला गिऱ्हाईक. (घरी भट्टी लावू नका, गुन्हा आहे.)

सातपुडेकर
चव मात्र तुम्ही चुकीच्या वेळी घेतली. भरीत, कळण्याची पुरी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा, मग जुनिपर कुठून कळणार? जेवणाआधी, बर्फ न घालता, जिनइतकंच साधं पाणी घालून हुंगा, मग घोट घ्या. टॉनिकही नको, त्यातलं क्विनीन कडू. जुनिपर ओळखायचा तर काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर मागा आणि एक दाणा चावून बघा.

धागाकर्ता
सील भाच्याने माझ्यासमोरच फोडलं होतं, म्हणजे हुश्श. आज सकाळी हाऊबेर आणला. चावला तर राळेचा आणि लिंबाच्या पानाचा वास, मग तोंड कडू. हा पार्टीत कुठेच जाणवला नव्हता. बाटलीत चार बोटं उरलीय. आबांना धागा वाचून दाखवला, तर विचारतात, "मग माझ्या वाट्याची कुठाय?"