मदत हवी आहे: वाळवंटातल्या उन्हात माउंटन बाइकिंग करून पुन्हा दम वाढवायचा आहे

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सायकल सुरू केली आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढे, वजन वाढलेलं, दम पार गेलेला. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हिरवा कंदील दिला आहे. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), टायर ट्यूबलेस. सध्या राहते तो भाग वाळवंटी आहे. खडकाळ पायवाटा, मध्येच वाळूचे पट्टे, काटेरी झुडपं, सावली जवळजवळ नाहीच. पहाटे पारा ३० अंशांच्या आसपास असतो आणि नऊच्या सुमारास ४० गाठतो.

घरात स्टँडवर सायकल लावून चालवण्याचा सल्ला मिळाला आहे, पण मला बाहेरच चालवायचं आहे. समोरच्या दगडांतून चाक कुठून काढायचं एवढंच डोक्यात उरतं, तेव्हा मला खरंच बरं वाटतं. त्यामुळे 'उन्हात जाऊच नका' याखेरीज काहीही सांगा.

मुख्य अडचण अशी. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने सुरुवातीला हार्ट रेट १३५ असतो, तासाभराने तोच १५५ च्या वर जातो. पाय दुखत नाहीत, तरी धाप लागते. मग हा दम कमी असल्याचा परिणाम की उन्हाचा? अशा वेळी रेटायचं की वेग कमी करायचा? सुधारणा होते आहे की नाही, हे मोजायचं तरी कशावरून?

दुसरं पाण्याचं. अंगावर घाम दिसतच नाही, कपडे कोरडे असतात, पण बाह्यांवर मिठाचे पांढरे डाग पडतात. किती प्यावं, त्यात मीठ किती असावं?

टायरमध्ये हवा किती ठेवावी, तेही सांगा. वाळूत पुढचं चाक रुततं.

प्रतिसाद १

तुमचा हार्ट रेट चढतो त्याला कार्डिअॅक ड्रिफ्ट म्हणतात आणि उन्हात तो सगळ्यांचाच चढतो. अंग थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामामुळे रक्तातलं पाणीही घटतं. एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. वेग तोच असला तरी शरीरावरचा भार वाढलेला असतो.

म्हणून वेग बघणं सोडा. हार्ट रेटची एक मर्यादा ठरवा, ती ओलांडली की गिअर हलका करा, लागलं तर सायकल हातात धरून चढा. हार्ट रेट दाखवणारं घड्याळ नसेल तर पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का ते बघा. सुधारणा मोजायची तर तोच चढ, त्याच वेळी, साधारण त्याच तापमानात करा आणि त्याच हार्ट रेटला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

उन्हाची सवय लागायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेही जवळजवळ रोज थोडं थोडं गेलात तर. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. काही आठवडे खंड पडला की ही सवय जातेही. आठवडाभर बसून सुट्टीच्या दिवशी तीन तास, हे अजिबात करू नका. जोर लावायचे चढ पहिल्या अर्ध्या तासात उरका. आणि जायचं ते पहाटेच, कारण संध्याकाळी तापलेला खडक बराच वेळ उष्णता सोडत असतो.

घाम कोरड्या हवेत लगेच उडून जातो, म्हणून दिसत नाही. जाण्याआधी आणि आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर पाणी. त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा, की तुमचा घाम कळला. ही घट चरबीची नाही, आनंद मानू नका. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घटू देऊ नका, पण घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. तासाच्या वर जाणार असाल तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा.

प्रतिसाद २

वाळूसाठी हवा थोडी कमी करा, पण रिमला दगड लागेल इतकी नको. वजन मागे, हलका गिअर, पेडल एकसारखं, हँडल झटक्याने वळवायचं नाही. उन्हात सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं पंक्चर बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, ते तपासत राहा.

पाठीवरच्या नळीवाल्या पाण्याच्या पिशवीत रात्री अर्धं पाणी भरून गोठवा, सकाळी वरून भरा. प्यायल्यावर नळीतलं पाणी फुंकून परत आत ढकला, नाहीतर पुढचा घोट कढत येतो.

आता महत्त्वाचं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा किंवा थंडी वाजणं, यातलं काहीही झालं की थांबा, सावली शोधा, अंग ओलं करा. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला तर तो उष्माघात समजायचा. त्या वेळी घाम येत असू शकतो, त्यावर विसंबू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत मिळेल त्या थंड पाण्याने अंग गार करत राहायचं. सर्दीच्या किंवा अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, घेत असाल तर डॉक्टरांना विचारा.

एकट्या जाता का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हार्ट रेटचं कोडं सुटलं, वजनाची नोंद उद्यापासूनच सुरू करते. हो, एकटीच जाते आणि वाटेत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

प्रतिसाद २

मग लांब जाऊन परत येण्याचा मार्ग नको. गाडी किंवा पाण्याची जागा मध्ये ठेवून छोटे फेरे मारा, प्रत्येक फेऱ्यानंतर तिथेच थांबून पुढचा करायचा की नाही ते ठरवा. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवा. ती वेळ टळली तर घरच्यांनी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर असू द्या.