'सीड'ला बी म्हणायचं की बीजांक?

पेठेतला मास्तर:
सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. पहिल्या वर्षाची बरीच मुलं मराठी माध्यमातून येतात, म्हणून प्रॅक्टिकलची टिपणं मराठीत लिहायला घेतली. रँडम आकड्यांच्या पाठात 'सीड'वर गाडी अडली, म्हणजे संगणक ज्या आकड्यापासून हिशोब सुरू करून पुढचे रँडम आकडे काढतो त्यावर. मी लिहिलं होतं, 'बी तेच दिलं तर आकड्यांचा क्रमही तोच येतो.' सहकारी मॅडमनी 'बी' खोडून 'बीजांक' केलं. इथवर ठीक. पण वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मंगळवेढ्याकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, एकाच पिशवीतलं बी दोन रानांत टाकलं तर सारखं उगवतंय व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. शब्द चुकलाय की उपमाच चुकलीय?

मूळधातू:
मॅडम बरोबर आहेत. 'बीज' म्हणजे नुसता पेरायचा दाणा नव्हे, मूळ कारणही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ग्रंथाला 'बीजगणित' नाव दिलं ते काही पेरणीसाठी नाही. बीजमंत्रातलं बीजही तेच. शिवाय सोलापुरात 'बी' लिहिणं धोक्याचं आहे. 'बी तेच दिलं तर' हे आपल्याकडचा मुलगा 'तेच सुद्धा दिलं तर' असं वाचेल. 'मी बी येतो' दिवसातून शंभरदा म्हणतो आपण.

चाडं:
मूळधातू, दुसरा मुद्दा मान्य, पहिला नाही. 'बीजांक' ऐकून मुलाच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. 'बियाणं' म्हणा, 'सुद्धा'चा घोळ मिटला. आणि बियाणं खराब निघतं हेही त्याला घरून ठाऊक असतं. रँडम आकडे काढायची गणितज्ञ फोन नॉयमनची जुनी रीत बघा: चार अंकी आकडा घ्यायचा, वर्ग करायचा, आठ अंकांतले मधले चार उचलायचे, पुन्हा वर्ग. १२३४ पेरलं तर ५२२७, मग ३२१५, पुढे चालू. आता २५०० पेरून बघा. वर्ग ०६२५००००, मधले चार पुन्हा २५००. परत तेच, परत तेच. आमच्याकडे एका वर्षी दुबार पेरणी करावी लागली होती, पिशवीवर शिक्का होता आणि रानात काही नव्हतं. २५०० हे तसलं बोगस बियाणं. हे 'बीजांक' शब्दात कुठं बसवणार?

पेठेतला मास्तर:
हे उदाहरण उद्याच वर्गात घेतो. पण त्या मुलाचा प्रश्न राहिलाच. २५०० नेहमीच २५०० देतं. शेतातलं बोगस बियाणंसुद्धा इतकं नेमाचं नसतं.

जकार्ड:
आमच्या घरात तीन पिढ्या चादरीच्या मागावर. मास्तर, तुमचा मुलगा बरोबर बोलला, उपमा शेतीची नकोच. मागाची घ्या. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. तीच माळ लावली की तीच फुलं, तोच मोर, सकाळपाळीला बी आणि रातपाळीला बी. माळ संपली की पहिला पत्ता परत वर येतो आणि नक्षी पुन्हा सुरू. आकड्यांचंही तसंच असतं. ५ ने गुणायचं, ३ मिळवायचे, १६ ने भागून बाकी ठेवायची. ७ पासून निघालं तर ६, १, ८, ११, १०, ५, १२... आणि सोळाव्या उडीला पुन्हा ७. सोळा पत्त्यांची माळ झाली ती. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत रँडम आकडे काढायची जी मर्सेन ट्विस्टर नावाची रीत आहे तिची माळ २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतकी लांब. ती चादर कुणाच्या हयातीत पुरी होणार नाही, पण माळ ती माळच. सीड म्हणजे कुठल्या पत्त्यापासून सुरुवात करायची ते. मी त्याला 'पहिला पत्ता' म्हणेन.

मूळधातू:
उपमा सुंदर आहे. पण 'पहिला पत्ता' ही संज्ञा होत नाही, ते वर्णन झालं.

चाडं:
संज्ञा लोक करतात. 'विरजण' कुठल्या समितीनं ठरवलं?

लॉगबुक:
जकार्ड यांच्या उपमेला एक जोड. माळ कुठून सुरू होते ते ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळतं. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरचं हेच झालं. त्याचं सीड वेळ आणि प्रोसेसचे क्रमांक यांवरून ठरायचं. अंदाज बांधता येण्यासारख्या गोष्टी, म्हणून दोन विद्यार्थ्यांनी गुप्त किल्ली शोधून दाखवली. पासवर्ड, टोकन यांसाठी पायथनचं रँडम वापरायचंच नाही, त्याला 'सीक्रेट्स' हे वेगळं मॉड्यूल आहे. मला 'पेरणे' खटकतं ते इथं. पेरलेलं वर येतं, सगळ्यांना दिसतं. हे सीड दडवून ठेवायचं असतं.

पेठेतला मास्तर:
वेळेवरून आठवलं. आमच्या लॅबमध्ये सरावाची परीक्षा घेतली होती, प्रत्येकाला प्रश्न वेगळ्या क्रमानं यावेत म्हणून सीडला घड्याळ जोडलं. मी "आता सुरू करा" म्हटलं आणि सगळ्यांनी एकदमच एंटर दाबलं. घड्याळ सेकंदात मोजत होतं. शेजारी शेजारी बसलेल्या सात-आठ जणांना हुबेहूब एकच क्रम. कॉपी धरायला उभा होतो आणि कॉपी मीच वाटली होती. पुढच्या वेळी प्रत्येकाचा हजेरी क्रमांक सीडमध्ये मिसळला.

हुरडा:
'रँडम'चं काय केलंत टिपणात? 'यादृच्छिक' लिहिलं असेल तर तेही काढा. यत् अधिक इच्छा, म्हणजे मनाला येईल तसं. संगणकाला कुठलं आलंय मन?

मूळधातू:
ही व्युत्पत्ती सर्रास सांगतात, पण चूक आहे. इच्छा असती तर 'यदिच्छा' झालं असतं. इथं 'ऋ' आहे, जाणे, गाठ पडणे या अर्थाचा धातू. यदृच्छा म्हणजे जे आपसूक गाठ पडतं ते. गीतेत 'यदृच्छया चोपपन्नम्' आहे, न मागता समोर आलेलं युद्ध. मन नाहीच त्यात. शब्द चोख आहे.

हुरडा:
चोख असेल, पण बोलतं कोण? आणि हिशोबानं काढलेल्या, नुसत्या रँडम दिसणाऱ्या आकड्यांना (स्यूडो-रँडम) 'छद्मयादृच्छिक' म्हणतात त्याचं काय? छद्म म्हणजे कपट. आकड्यांनी कुणाला फसवलंय?

जकार्ड:
'आभासी' म्हणावं तर ते व्हर्च्युअलनं नेलंय.

चाडं:
'हिशोबी' चालेल. हिशोबी रँडम.

लॉगबुक:
मला 'भाकणूक' आठवते. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम झाल्यावर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात धान्य, गूळ, पानसुपारी ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून वर्षाचं भाकीत. सगळी गर्दी श्वास धरून असते, कारण वासरू काय करील हे कुणालाच माहीत नसतं. खरा रँडम तो. ज्याची भाकणूक होऊ शकत नाही तो खरा, ज्याची होऊ शकते तो हिशोबी.

मूळधातू:
पण तिथं भाकणूक पावसाची, वासराची नव्हे. शब्द उलटा बसतोय.

जकार्ड:
आमच्या गल्लीत बियाण्याला तेलुगूत 'वित्तनम्' म्हणतात. पलीकडच्या कन्नड घरात पेरणीला 'बित्तने'. दोन्ही एकाच मुळातले दिसतात.

हुरडा:
मग आपलं 'चाडं' कुठून आलं? तिफणीवरचं ते लाकडी, ज्यात बी सोडतात?

चाडं:
नाव घेतलंय खरं, पण मूळ मीही शोधतोय. आमच्यात 'चाड्यावर मूठ धरली' म्हणजे पेरणी सुरू झाली. आजी मूठ सोडायची, ओळ चुकायची नाही. चाड्याखालच्या पोकळ बांबूंना आम्ही 'नळे' म्हणतो. अक्कलकोटकडे काय म्हणतात?

पेठेतला मास्तर:
विचारून सांगतो. टिपणं सोमवारी छापायला जायची आहेत, तूर्त 'सीड'च ठेवलंय.