फवारणी पंपाचे दिवा असलेले पुश बटण: बंद केले तरी दिवा विझत नाही

प्रश्न (तासगाव, द्राक्ष बागायतदार)

नमस्कार. आमच्याकडे १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप आहे. त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी बसते. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) थेंब सतत पडून मूळ स्विचच्या पत्त्यांवर हिरवट थर चढला आणि तो निकामी झाला, म्हणून त्या जागी मी स्टीलचे, कडेला निळा दिवा असलेले, एकदा दाबले की दाबलेलेच राहणारे पुश बटण बसवले. मागे पाच पत्त्या आहेत: सी (सामाईक), एनओ (बटण दाबल्यावरच सी शी जुळणारी), एनसी (बटण दाबलेले नसताना सी शी जुळलेली) आणि दिव्याच्या अधिक व उणे. सोबत आकृती मिळाली नाही. बॅटरीची लाल वायर सी वर, पंपाची लाल वायर एनओ वर, दिव्याची अधिक पत्ती सी वर आणि उणे पत्ती बॅटरीच्या काळ्या वायरीवर, अशी जोडणी केली. पंप व्यवस्थित चालतो, पण बटण बंद केले तरी दिवा चालूच राहतो. द्राक्षे उतरल्यावर पंप तीन आठवडे शेडमध्ये पडून होता. परवा काढला तर बॅटरी पूर्ण उतरलेली. एवढ्याशा दिव्याने असे होईल का?

उत्तर (कुपवाड, पॅनेल वायरिंग)

होय, होईल. असा दिवा साधारण १५ मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर दिवसाला ०.३६ अँपिअर-अवर आणि २१ दिवसांत साडेसात अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे तुमची जवळजवळ पूर्ण बॅटरी. बटणात दोष नाही. दिव्याच्या दोन पत्त्यांचा आतल्या स्विचशी काहीही संबंध नसतो; दिवा कुठून वीज घेईल हे सर्वस्वी आपल्या जोडणीवर ठरते. सी वर बॅटरी कायम आलेली असते, म्हणून तेथून घेतलेला दिवा कधीच विझत नाही. ती अधिक वायर काढून एनओ वर, पंपाच्या वायरीसोबत लावा. उणे आहे तेथेच राहू द्या आणि रिकाम्या एनसी पत्तीवर स्लीव्ह (वीजरोधक नळी) चढवा.

शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, म्हणून ती आजच चार्जिंगला लावा.

उत्तर (मिरज)

वरील दुरुस्ती बरोबर आहे, परंतु दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. दिवा एनओ वर नेला की तो थेट पंपाच्या मोटारीला समांतर येतो, आणि बटण बंद होताना मोटारीच्या गुंडाळीतून उलट्या दिशेचा जो झटका येतो तो दिव्यापर्यंत पोहोचतो. त्यासाठी मोटारीच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) लावावा. त्याची पांढरी पट्टी अधिक बाजूला असली पाहिजे, उलटा लावल्यास बटण दाबताच शॉर्ट होईल. म्हणूनच बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच.

दुसरे म्हणजे, बटणावर लिहिलेले अँपिअर एसीचे आहेत की डीसीचे ते वाचा. डीसीमध्ये ठिणगी सहज विझत नाही, त्यामुळे त्याच बटणाची डीसीवरील क्षमता बहुधा कमी असते. पंपाच्या पाटीवरचा आकडा त्याहून मोठा असेल, तर बटणाने फक्त रिले (थोड्या प्रवाहाने चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवावा आणि पंपाचा प्रवाह रिलेतून न्यावा.

तुमचा दिवा तीन आठवडे थेट १२ व्होल्टवर टिकला, याचा अर्थ त्याचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) आतच आहे. मात्र ३ व्होल्टचा दिवा असलेली बटणेही मिळतात. तशा दिव्याला एक किलोओहमचा रेझिस्टर ओळीत न लावता १२ व्होल्ट दिल्यास तो तत्काळ जळतो.

प्रश्नकर्ता

आपल्या सांगण्याप्रमाणे वायर एनओ वर नेली, डायोड आणि फ्यूज लावला. बॅटरीच्या ओळीत मल्टिमीटर धरून पाहिले: पूर्वीच्या जोडणीत बटण बंद असताना १४ मिलिअँपिअर जात होते, आता शून्य दिसते. परंतु नोझलचा खटका सोडल्यावर मोटार थांबते आणि दिवा मात्र चालू राहतो, हे ठीक आहे का?

उत्तर (कुपवाड)

ठीक आहे. पंपाच्या डोक्यात दाबाचा स्विच असतो. खटका सोडला की दाब वाढून तो मोटारीपुरतीच वीज तोडतो, आणि दिवा त्याच्या अलीकडे जोडलेला आहे. त्यामुळे या दिव्याचा अर्थ ‘पंप फिरतो आहे’ असा न घेता ‘पंपापर्यंत वीज आली आहे’ असा घ्यावा. टाकी भरताना किंवा नोझल खोलताना तो पेटलेला दिसला, तर आधी बटण बंद करावे. अन्यथा दाब उतरताच मोटार पुन्हा सुरू होईल आणि औषध अंगावर येईल.